नवोदय आणि सैनिक स्कूलसाठी आकृत्यांचे सराव पेपर : प्रकाशकाचं नाव नको, चुकीचे पर्याय बघा

इंदूरच्या एका आईने विचारलं आहे : मुलगी पाचवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय आणि सैनिक स्कूल अशा दोन्ही परीक्षांना बसवायचं आहे. खजुरी बाजारातून दोन जाडजूड पुस्तकं आणली. पुण्याच्या मावशीने तिकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं बुद्धिमत्तेचं पुस्तक पाठवलं. लंडनला राहणाऱ्या मामाने तिकडच्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेच्या सराव पेपरांच्या पीडीएफ पाठवल्या. खजुरी बाजारातल्या एका पुस्तकातल्या पेपरात मुलीला ४० पैकी ३६ मिळाले, दुसऱ्यातल्या पेपरात २१. यातला कोणता आकडा खरा मानायचा, आणि पुढचा सराव कुठल्या पेपरांवर करायचा?

ताई, मी इंदूरमध्येच पाचवीच्या मुलांची ही तयारी बरीच वर्षं करून घेते आहे. महूच्या फौजी कुटुंबांतली मुलं येतात, मानपूरच्या बाजूची शेतकऱ्यांची मुलं येतात, शहरातल्या आपल्या मराठी घरांतलीही येतात. पेपर कोणते घ्यावेत हे प्रत्येक पालक विचारतो आणि बहुतेकांना उत्तरात प्रकाशकाचं नाव हवं असतं. नाव मी सांगत नाही. एकाच पुस्तकात एक पेपर उत्तम आणि त्याच्या पुढचा अगदी टाकाऊ असं मला नेहमी दिसतं. नावावर विसंबून पुस्तक घेतलं तर दोन्ही सारख्याच श्रद्धेने सोडवले जातात.

तुमचा खरा प्रश्न ३६ आणि २१ या दोन आकड्यांमध्ये आहे. मुलगी तीच, आठवडा बहुधा तोच, तरी एवढा फरक. तो मुलीत नाही, पेपरांत आहे. पेपर सोपा-कठीण असणं हा त्याचा एक भाग झाला. मोठा भाग असतो पर्यायांचा. जरा हिशेब करून बघा. समजा मुलीला ४० पैकी १२ प्रश्नांची उत्तरं खरोखर कळली आणि उरलेले २८ तिने अंदाजाने सोडवले. चारही पर्याय विचार करायला लावणारे असतील तर त्या २८ पैकी सरासरी ७ बरोबर येतील, म्हणजे एकूण १९. पण दर प्रश्नातले दोन पर्याय बघताक्षणी बाद होण्यासारखे असतील तर २८ पैकी १४ बरोबर येतील आणि एकूण होतील २६. बहुतेक प्रश्नांत तीन पर्याय बाद होण्यासारखे असले तर काहीही न समजता पस्तीस-छत्तीस मिळू शकतात. मुलीची समज सगळीकडे तेवढीच. म्हणून ३६ बघून हुरळू नका आणि २१ बघून तिला रागावू नका. आधी ते दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवा आणि पर्यायांकडे बघा. काय बघायचं ते खाली सविस्तर सांगते.

त्याआधी परीक्षांविषयी, कारण पेपर कुठले घ्यायचे आणि किती घ्यायचे हे परीक्षेवर अवलंबून आहे. नवोदयच्या सहावीच्या निवड चाचणीत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, ५० गुणांचे, आणि त्यांच्यासाठी ६० मिनिटं धरलेली असतात. उरलेले २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. मानसिक क्षमतेचा हा भाग पूर्ण आकृत्यांचा आहे, शब्द फक्त सूचनांत. घरी पुस्तकं नसलेल्या मुलालाही शहरातल्या मुलाच्या बरोबरीने उभं राहता यावं म्हणून असा पेपर ठेवतात, आणि मला तो त्यासाठी फार आवडतो. एका प्रश्नाला सव्वा गुण, नकारात्मक गुण नाहीत. आकृत्यांचे गुण निम्मे असल्यामुळे नवोदयसाठी त्यांच्यावर मनापासून वेळ घालवायला हवा.

सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचं वजन वेगळं आहे. १२५ प्रश्न, ३०० गुण, १५० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न १५० गुणांचे, म्हणजे अर्धी परीक्षा गणिताचीच. बुद्धिमत्तेचे २५ प्रश्न ५० गुणांचे, म्हणजे सहावा हिस्सा, आणि त्या २५ मध्येही आकृत्या थोड्या असतात, बाकी संख्यामाला, शब्दांचे संबंध, तर्काचे प्रश्न. रीवाच्या सैनिक स्कूलकडे डोळे लावून बसलेल्या घरांत आकृत्यांच्या पुस्तकांचे ढीग आणि गणिताची वही अर्धी कोरी असं चित्र मी बघते तेव्हा वाईट वाटतं. काही पालक डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजसाठीही हीच पुस्तकं घेतात. तिथल्या लेखी परीक्षेत गणित, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच विषय आहेत. डेली कॉलेजसारख्या खासगी शाळांची प्रवेशाची रीत त्यांची त्यांची असते, तिथे शाळेच्या कार्यालयातून नमुना मागून घ्यावा आणि मगच पुस्तकाला हात लावावा.

आणखी एक गोष्ट नवोदयची. सहावीच्या निवड चाचणीला मूल एकदाच बसू शकतं, पुढच्या वर्षी पुन्हा नाही. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मानपूरला आहे. एका नवोदयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. शहरातल्या मुलीला उरलेल्या विसेक जागांसाठी लढायचं आहे, तेही आरक्षणाचे नियम सांभाळून. एवढ्या चुरशीत सोपे प्रश्न सगळ्यांचेच बरोबर येतात. निवड ठरते ती ज्या प्रश्नांत दोन पर्याय अगदी जुळ्यासारखे दिसतात तिथे. म्हणून सोप्या पर्यायांच्या पेपरांवर तीन-चार महिने घालवणं तिला परवडणार नाही.

नवोदयच्या मानसिक क्षमतेचे दहा भाग ठरलेले आहेत, प्रत्येकात चार प्रश्न. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत जुळणारी आकृती शोधा, अपुरा नमुना पूर्ण करा, आकृत्यांची मालिका पुढे न्या, दोन आकृत्यांतला संबंध तिसरी-चौथीला लावा, अर्धवट त्रिकोण, चौरस किंवा वर्तुळ पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, सुटे तुकडे जोडून कोणती आकृती होईल, आणि लपलेली आकृती. एवढंच. पाण्यातली प्रतिमा, फासे, ठोकळे मोजणं, आकृतीतले त्रिकोण मोजणं हे या दहांत नाही. बाजारातल्या पुस्तकांत ही प्रकरणं असतात, कारण तेच पुस्तक इतर परीक्षांसाठीही विकायचं असतं. सैनिक स्कूलही द्यायचं आहे म्हणून ती प्रकरणं पूर्ण सोडू नका, पण नवोदयचा म्हणून छापलेल्या पेपरात हे प्रश्न दिसले तर तो पेपर करणाऱ्याने परीक्षेचा नमुनाच उघडून पाहिलेला नाही, असं खुशाल समजा.

आता मुख्य मुद्दा. चांगल्या पेपरातला प्रत्येक चुकीचा पर्याय काहीतरी कारणाने चुकीचा असतो. मुलाने तो निवडला की त्याच्या नजरेतून काय निसटलं ते आपल्याला कळतं. वाईट पेपरातला चुकीचा पर्याय नुसता जागा भरायला काढलेला असतो, तो निवडला काय आणि टाळला काय, आपल्याला काहीच समजत नाही.

मालिकेचा एक प्रश्न घेऊ. चौरसाच्या एका कोपऱ्यात काळा ठिपका आहे आणि मध्ये एक बाण. पहिल्या आकृतीत ठिपका वर डावीकडे, बाण वर. दुसरीत ठिपका वर उजवीकडे, बाण डावीकडे. तिसरीत ठिपका खाली उजवीकडे, बाण खाली. चौथी कोणती? ठिपका घड्याळाच्या दिशेने एकेक कोपरा पुढे सरकतो आणि बाण घड्याळाच्या उलट पाव वळण घेतो. म्हणजे ठिपका खाली डावीकडे, बाण उजवीकडे. आता तीन चुकीचे पर्याय असे असतील : एकात ठिपका बरोबर जागी, पण बाण डावीकडे. दुसऱ्यात बाण बरोबर, पण ठिपका वर उजवीकडे. तिसऱ्यात बाण बरोबर, ठिपका मात्र आधी होता तिथेच. पहिला चुकीचा पर्याय निवडणाऱ्या मुलाने दोन्ही गोष्टी एकाच दिशेने फिरतात असं गृहीत धरलं. दुसरा निवडणाऱ्याला ठिपका आता मागे परततो असं वाटलं. तिसरा निवडणाऱ्याने बाणाचा माग नीट काढला आणि ठिपका विसरला. तीन मुलं, तिघांचं उत्तर चूक, पण तिघांना सांगायची गोष्ट वेगळी. हाच प्रश्न मी अशा पेपरांत पाहिला आहे जिथे चुकीच्या पर्यायांत चौरसाऐवजी त्रिकोण, बाणच गायब, किंवा ठिपका मधोमध असतो. तो प्रश्न मूल मालिका न बघताही सोडवतं.

ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या करता येते. खजुरी बाजारातले दुकानदार पुस्तक चाळू देतात, दहा मिनिटं काढा.

सगळ्यात आधी घडी आणि भोकाचं प्रकरण उघडा, कारण पेपर करणाऱ्याची मेहनत तिथे लगेच उघडी पडते. कागद दोनदा अर्धा दुमडून सगळ्या थरांतून एक भोक पाडलं तर उघडल्यावर चार भोकं दिसतात. चार पर्यायांपैकी एकाच चित्रात चार भोकं असतील आणि बाकीच्यांत दोन, तीन, पाच, तर मुलाला फक्त मोजता यायला हवं, घडी डोळ्यांपुढे आणायची गरजच नाही. निदान दोन-तीन पर्यायांत चार भोकं हवीत आणि फरक त्यांच्या जागांचा हवा : घडीच्या रेषेपासून भोक जेवढं लांब, उघडल्यावर पलीकडेही तेवढंच लांब. हे ज्या पुस्तकात सांभाळलेलं आहे त्याची बाकीची प्रकरणंही सहसा नीट असतात.

मग आरशाचं प्रकरण. आरसा उभा धरला तर डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. चांगल्या प्रश्नात बरोबर उत्तराशेजारी मूळ आकृती जशीच्या तशी, वर-खाली उलटवलेली आणि अर्धी फिरवलेली असे तीन पर्याय असतात. पण हे जमण्यासाठी मूळ आकृती अशी हवी की तिची डावी-उजवी बाजू सारखी नाही आणि वरची-खालचीही नाही. समभुज त्रिकोण किंवा बेरजेचं चिन्ह देऊन आरशातली प्रतिमा विचारली असेल तर प्रश्नात विचारण्यासारखं काही उरतच नाही.

वेगळी आकृती ओळखण्याच्या प्रश्नांत उलटी तक्रार असते. तिथे कधी कधी दोन उत्तरं बरोबर ठरतात. एका आकृतीत बाजूंची संख्या वेगळी, दुसरीत छायांकन वेगळं, आणि उत्तरतालिकेत त्यातलं एकच. मूल दुसरं निवडतं, चूक ठरतं, आणि पुढच्या वेळी स्वतःच्या नजरेवरचा त्याचा विश्वास कमी होतो. हे नुकसान मला पाच-सहा गुणांपेक्षा मोठं वाटतं. या प्रकारचा सगळ्यात कसदार प्रश्न म्हणजे तीन आकृत्या एकमेकींना फिरवून मिळणाऱ्या आणि चौथी उलटवलेली. फिरवणं आणि उलटवणं यातला फरक ज्या मुलाला पक्का कळला, त्याचा निम्मा पेपर सुकर होतो, कारण हा फरक जुळणाऱ्या आकृतीत, आरशात, घडीत, तुकड्यांत, सगळीकडे येतो.

घरी गेल्यावर आणखी एक चाचणी करा. मुलीला प्रश्नाची आकृती झाकून फक्त चार पर्याय दाखवा आणि उत्तर कोणतं असेल ते विचारा. वेगळी आकृती ओळखायचे प्रश्न यातून वगळा, तिथे पर्याय हाच प्रश्न असतो. बाकीच्यांत तिचे चारात एकाच्या आसपास बरोबर येत असतील तर ठीक. निम्म्याहून जास्त बरोबर येत असतील तर पर्याय उत्तर फोडत आहेत. तुमच्या ३६ गुणांच्या पेपरावर हे नक्की करून बघा.

छपाईकडे पालक लक्ष देत नाहीत, आणि या विषयात ती फार महत्त्वाची आहे. तिरप्या रेषांचं छायांकन डावीकडे झुकतं की उजवीकडे, यावर उत्तर ठरतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या पेपरात ते सगळं करडं होतं. पीडीएफ छापताना पान लांबी-रुंदीत वेगळं ताणलं गेलं तर चौरसाचा आयत होतो, वर्तुळ लंबगोल होतं, आणि अर्धवट वर्तुळ पूर्ण करण्याच्या प्रश्नात एकही पर्याय बसत नाही. मूल बिचारं आपलंच चुकतंय असं समजून बसतं. छापण्याआधी मूळ मापातच छपाई होईल हे बघा, एका पानावर दोन पानं बसवू नका. आणि मुलीचे डोळे एकदा तपासून घ्या. बारीक फरकांच्या प्रश्नांतच सतत चुकणाऱ्या काही मुलांना चष्म्याची गरज असल्याचं नंतर निघालेलं मी पाहिलं आहे.

आता तुमच्याकडे जे साहित्य जमलंय त्याविषयी.

पुण्याहून आलेलं पुस्तक ठेवा, पण निवडून वापरा. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतला बुद्धिमत्तेचा भाग बराचसा शब्द, अक्षरं, संख्या आणि सांकेतिक भाषा यांचा असतो. त्यातले मराठी शब्दगटांचे प्रश्न इंग्रजी माध्यमाच्या मुलीला विनाकारण अडवतील. घरी मराठी बोलली तरी ‘विसंगत पद ओळखा’ म्हणून दिलेले सगळे शब्द तिच्या कानावरून गेलेले नसतात. आकृत्यांची प्रकरणं मात्र घ्या. आजी-आजोबांना मराठीतून ती समजावता येतील हा मोठा फायदा आहे, आणि संख्यामालेचे प्रश्न सैनिक स्कूलला उपयोगी पडतील.

मामाच्या पीडीएफ मला आवडतील, पण शेवटी. इंग्लंडमधली ‘इलेव्हन प्लस’ ही ग्रामर स्कूलच्या प्रवेशाची परीक्षा आहे, आपल्या मुलीच्याच वयाची, दहा-अकरा वर्षांची मुलं ती देतात. तिथल्या आकृत्यांच्या पेपरांत बहुधा पाच पर्याय असतात आणि चुकीचे पर्याय फार विचाराने केलेले असतात. पण तिथे आकृत्यांना अक्षरांचे संकेत देऊन नवा संकेत ओळखायला लावणारा एक प्रकार हमखास असतो, तो नवोदयमध्ये नाही. घडी-भोक, तुकडे जोडणं, अर्धवट वर्तुळ पूर्ण करणं यांचा पुरेसा सराव त्या पेपरांतून मिळेलच असं नाही. म्हणून मालिका, संबंध, नमुना पूर्ण करणं आणि वेगळी आकृती एवढे प्रश्न त्यातून निवडून घ्या. पाच पर्यायांत मिळालेल्या गुणांची चार पर्यायांतल्या गुणांशी तुलना करू नका.

खजुरी बाजारातल्या दोन पुस्तकांचा निकाल वरच्या तपासणीतून तुम्हीच लावाल. ‘मागील वर्षांचे पेपर’ असं मुखपृष्ठावर छापलेलं असलं तरी आत काय आहे ते बघा. मुलांच्या आठवणीवरून पुन्हा काढलेल्या आकृत्याही त्या नावाखाली विकल्या जातात, आणि आठवणीतून काढलेल्या आकृतीत पर्यायांमधले बारीक फरक हरवतात.

या सगळ्यांच्या वर आहे परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतः दिलेलं साहित्य. नवोदयच्या माहितीपत्रकात दहाही प्रकारांचे नमुने दिलेले असतात. अर्ज भरताना ते डाउनलोड होतं, आणि वयाच्या नि रहिवासाच्या अटी वाचून झाल्या की घरोघर तसंच पडून राहतं. ते छापून मुलीच्या टेबलावर ठेवा. सैनिक स्कूलची परीक्षा अलीकडे एनटीए ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा संस्था घेते, तिने घेतलेल्या मागच्या परीक्षांचे पेपर आणि उत्तरतालिका त्यांच्या संकेतस्थळावर येतात. हे नमुने सोडवण्यासाठी कमी आणि मापासाठी जास्त. बाजारातला कुठलाही पेपर हातात आला की त्यांच्याशेजारी ठेवा : आकृत्यांचा आकार तेवढाच आहे का, एका आकृतीत एका वेळी किती गोष्टी बदलतात, पर्याय किती जवळचे आहेत. लपलेल्या आकृतीत मूळ आकृती फिरवलेली चालते की सरळच हवी, याविषयी पुस्तकांचं आपसांत जमत नाही. तिथेही माहितीपत्रकातला नमुनाच प्रमाण माना.

इथवरचं थोडक्यात : नवोदयच्या सरावात दहा प्रकारांबाहेरचे पेपर बाजूला, पर्याय उत्तर फोडत असतील ते पेपर बाजूला, छपाई खराब असेल ते बाजूला. जे उरेल ते थोडं असेल, आणि थोडंच पुरतं.

किती पेपर पुरेत, हे तुमच्या हातात किती महिने आहेत आणि मुलीची चूक कुठे होते यावर आहे. तिला नियमच दिसत नसेल तर पूर्ण पेपर देणं म्हणजे ताप आलेल्या मुलाला औषधाऐवजी पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावणं. पेपर मोजतो, शिकवत नाही. अशा वेळी एकेक प्रकार घ्या आणि हातांनी करा. वहीचं पान दुमडून पंचिंग मशीनने भोक पाडा, उघडण्याआधी तिला चित्र काढायला लावा, मग उघडा. छोटा आरसा आकृतीशेजारी उभा करा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून जोडायला द्या. पारदर्शक कागदावर आकृती उतरवून ती फिरवा, मग पालथी घाला. ज्या मुलांनी हे हातांनी भरपूर केलेलं असतं ती पुढे डोळ्यांनी झपाट्याने करतात. या कामाला पुस्तक लागतच नाही, आणि मला तरी तयारीतला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो.

नियम दिसतो पण वेळ पुरत नाही, अशी मुलगी असेल तर मग पूर्ण पेपर लावा, आठवड्याला एक. नवोदयच्या ४० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट येतं. जुळणारी आकृती अर्ध्या मिनिटात होते, लपलेली आकृती आणि तुकडे जोडणं वेळ खातात, म्हणून सरसकट दीड मिनिटाचा गजर लावू नका. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची आणि शेवटी परत यायची सवय लावा. दोन्ही परीक्षांत नकारात्मक गुण नाहीत, तेव्हा ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल भरून उत्तरं द्यायच्या कागदावर, एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही हेही आतापासूनच. प्रश्न सोडून पुढे गेल्यावर गोल भरताना ओळ चुकते, ही चूक मुलांकडून फार होते. ती टाळायची तर सरावातही खरी ओएमआर पत्रिका आणि पेनच वापरा. टॅबलेटवरचे ॲप मी घेऊ देत नाही. तिथे बोटांनी आकृती मोठी होते, यंत्र हातात फिरवलं की आकृतीही फिरते, आणि परीक्षा तर कागदावर आहे.

पेपर सोडवून झाला की गुण लिहून वही मिटू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने कोणता पर्याय निवडला ते लिहा, आणि तिलाच विचारा, तुला हा का बरोबर वाटला? तिला सांगू द्या, मध्ये बोलू नका. चार-पाच प्रश्नांत चित्र स्पष्ट होतं : हिला छायांकन दिसतच नाही, किंवा दोन गोष्टी बदलल्या की दुसरी सुटते, किंवा उलटवलेली आकृती ही फिरवलेली समजते. चुकलेले प्रश्न दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या, पण पर्यायांचा क्रम बदलून, नाहीतर तिला उत्तराची जागाच आठवते. प्रगती मोजायची असेल तर नेहमी एकाच दर्जाचे पेपर वापरा. आणि अधिकृत पेपरांपैकी एक तरी पूर्ण कोरा राखून ठेवा, परीक्षेच्या दोनेक आठवडे आधी सोडवण्यासाठी.

शेवटचं भाषेचं, कारण मराठी घरांत इथे घोळ होतो. सैनिक स्कूलच्या सहावीच्या अर्जात मराठीचाही पर्याय असतो आणि घरची भाषा म्हणून ती निवडायचा मोह होतो. मुलगी गणित इंग्रजीतून शिकते आहे, तिला ‘लसावि’ आणि ‘परिमिती’ ऐकून थांबावं लागणार असेल तर शाळेची भाषाच ठेवा. आकृत्यांना भाषा लागत नसली तरी अर्जात निवडलेली भाषा बाकीच्या विभागांनाही लागू होते. मराठी तिची घरात आहेच, ती परीक्षेच्या अर्जावर नसल्याने कुठे जात नाही.

आता तुम्ही एवढं करा. २१ गुणांच्या त्या पेपरातले चुकलेले १९ प्रश्न दहा प्रकारांत वाटून मोजा आणि प्रत्येक प्रकारात किती चुकले ते लिहून पाठवा. ते जर दोन-तीन प्रकारांतच साचलेले असतील तर महिनाभर पूर्ण पेपर बंद ठेवून फक्त तेवढेच प्रकार कागद-आरसा घेऊन करायचे आहेत. सगळीकडे थोडे थोडे विखुरलेले असतील तर बहुधा वेळेचा किंवा छपाईचा प्रश्न आहे, तेव्हा तो पेपर कसा छापला होता आणि तिने किती मिनिटांत सोडवला तेही सोबत लिहा.